‘एज ऑफ एम्पायर्स २’: जुन्याची सर नव्याला आहे का?

मठातला_भिक्षू :

मंडळी, एक सल्ला हवाय, आणि जमलं तर थोडं भांडणही.

कॉलेजात ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा मध्ययुगातलं गाव वसवून फौजा लढवायचा कॉम्प्युटर गेम रात्र रात्र खेळलो. १९९९ चा मूळ गेम, त्यावर २००० मधलं ‘कॉन्करर्स’ एक्सपान्शन, सगळ्या मिळून १८ संस्कृती, २०० ची लोकसंख्या, बास. नोकरीच्या रगाड्यात सुटला तो सुटलाच. आता लेक आठवीत आहे, तिच्यासोबत खेळायला काहीतरी शोधत होतो, तर कळलं की २०१९ पासून याची ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ (डीई) ही नव्याने बनवलेली आवृत्ती आहे आणि अजूनही त्यात नवनव्या डीएलसी (वेगळ्या मिळणाऱ्या पुरवण्या) येतायत.

यूट्यूबवर काही सामने पाहिले. दिसायला देखणा आहे, वादच नाही. पण खेळणाऱ्याच्या हातातली निम्मी कामं काढून घेतलीत असं सारखं वाटत होतं. शेतं आपोआप पुन्हा पेरली जातात. बटण दाबलं की स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार) स्वतःच नकाशाभर हिंडून येतो. लाकडावर किती व्हिलेजर (कामकरी गावकरी), सोन्यावर किती, सगळं आकड्यात समोर. आमच्या वेळी शेत संपलं की व्हिलेजर तिथेच हात बांधून उभा राहायचा, आणि हे ज्याच्या आधी लक्षात येईल तो जिंकायचा. माझं म्हणणं असं की तो त्रास हाच खेळ होता. तो काढल्यावर उरते ती रंगरंगोटी.

दोन्ही खेळलेल्यांनी सांगा. सर आहे का? घ्यावा का?

चहाबाज :

वोलोलो! हजेरी लावून जातो. रात्री सविस्तर लिहितो.

खंदक :

भिक्षूबुवा, ‘कॉन्करर्स’मध्ये मिलवर क्लिक करून शेतं आगाऊ क्यूला लावता यायची की! १९९९ च्या गेममध्ये ती सोय नव्हती, वर्षभरात एन्सेम्बल स्टुडिओजवाल्यांनी स्वतःच दिली. लाकडाचा कॅम्प बांधून झाला की बांधणारा आपणहून झाडाला भिडतो, तेही तिथूनच सुरू झालं. म्हणजे ‘त्रास हाच खेळ’ हे खुद्द बनवणाऱ्यांनाच मंजूर नव्हतं.

मठातला_भिक्षू :

@खंदक, क्यू चांगली लक्षात आहे. पण तिच्यासाठी शेतामागे ६० लाकूड आधी मोजावं लागायचं. ते लाकूड शेतात अडकवू की त्यात आर्चरी रेंज उभी करू, हा निर्णय होता राव. आता एकदा टिचकी मारली की जन्माची चिंता मिटली.

लाल_टाऊनसेंटर :

दोन्ही भरपूर खेळलोय, सध्या रँक्डमध्ये (ऑनलाइन क्रमवारीच्या सामन्यांत) हजार-अकराशे गुणांच्या आसपास तरंगतोय. तेव्हा माझे दोन आणे.

व्हिलेजर बनायला २५ सेकंद लागायचे, आजही लागतात. त्याला ५० अन्न. पुढच्या युगात जायचं तर फ्यूडलला ५०० अन्न, कॅसलला ८०० अन्न आणि २०० सोनं, इम्पीरियलला १००० आणि ८००. भालावाला घोडेस्वाराला भारी, घोडेस्वार तिरंदाजाला, तिरंदाज भालेवाल्याला. यातलं काही हललेलं नाही. माझ्या लेखी गेम म्हणजे हे.

आता तुमचा लाडका त्रास. रानडुक्कर ओढून आणणं आठवतंय ना? एक व्हिलेजर लांब जाऊन बाण मारतो, डुक्कर चवताळून मागे लागतं, हा जीव मुठीत धरून टाऊन सेंटरकडे (गावाच्या मुख्य इमारतीकडे) पळतो, आणि नेमकं तेव्हाच घर बांधायचं राहिलेलं असतं म्हणून उत्पादन ठप्प. हे डीईमध्ये कोणी आपोआप करून देत नाही. आजही व्हिलेजर मरतो, आजही शिवी तोंडात येते.

फरक पडलाय तो पुढे. शेतांवरून जे लक्ष वाचलं ते समोरच्याच्या अंगणात खर्च होतं. पूर्वी आम्ही फौज जमवायचो आणि एकदाच नेऊन आपटायचो. आता माझ्यासारख्या मध्यम खेळाडूवरही एका वेळी तीन बाजूंनी हल्ला येतो. लाकडाच्या लायनीवर चार-सहा तिरंदाज, मागून सोन्यावर दोन स्काउट, आणि मी मधल्या मध्ये फाउंडेशनवर फाउंडेशन टाकून भिंत बुजवतोय. कामं कमी झालेली नाहीत, त्यांचा पत्ता बदललाय.

ऑटो-स्काउटचं म्हणाल तर जरा वरच्या पातळीला कोणी त्याच्या भरवशावर राहत नाही. तो नकाशा उघडतो खरा, पण आपल्याला आत्ता समोरच्याचं सोनं कुठल्या बाजूला आहे ते बघायचंय, हे त्याला कुठून कळणार?

खंदक :

‘कामांचा पत्ता बदललाय’ याला +१००.

हॉस्टेलवीर :

तुम्ही सगळे रँक्डवाले. आमचं एज म्हणजे सांगलीचं हॉस्टेल, आठ मशिन, एक स्विच, ब्लॅक फॉरेस्ट नकाशा आणि ‘वीस मिनिटं नो रश’, म्हणजे तोवर हल्ला नाही, असा तोंडी करार. तो करार कोणीही कधीही पाळला नाही. तहाच्या आत कोणीतरी झाडांच्या आडून व्हिलेजर पाठवून दुसऱ्याच्या दारात कॅसल (किल्ला) बांधायला घेतलेला असायचा. हरायला लागलं की ‘अरे, वायर हलली’ म्हणत केबल काढणारा एक महाभाग प्रत्येक विंगमध्ये असतो. आमचा सध्या एका बँकेची नेटवर्क सिक्युरिटी बघतो.

डीईमध्ये हे कुठाय? प्रत्येकाचं खातं वेगळं, प्रत वेगळी, वर इंटरनेट. एका खोलीत बसून शेजारच्याच्या स्क्रीनमध्ये डोकवायचं, त्याने हात आडवा धरायचा, हे त्या फोर-के ग्राफिक्समध्ये बसतं का?

लाल_टाऊनसेंटर :

ते गेम बदलल्यामुळे नाही गेलं भावा. विंगमधली पोरं कल्याणपासून कॅलिफोर्नियापर्यंत पांगली म्हणून गेलं.

उंटावरची_शहाणी :

@हॉस्टेलवीर, थोडं माझंही ऐका.

आमच्या गावात एकच सायबर कॅफे. पुढे प्रिंटआउट आणि रेल्वेचं रिझर्वेशन, मागच्या खोलीत गेमिंग. मागच्या खोलीत मुली जात नसत. कोणी मनाई केली नव्हती, फक्त जात नसत. दादा जायचा आणि रात्री जेवताना सगळी लढाई साग्रसंगीत सांगायचा. कोणी कॅसल टाकला, कोणाचा मंक (भिक्षू) कोणाचा हत्ती आपल्या बाजूला वळवून घेऊन गेला, कोणी ११ दाबून सगळ्यांना हसून दाखवलं. मी हा गेम कित्येक वर्षं नुसता ऐकलाय.

खेळले लॉकडाउनमध्ये, थेट डीई. शिकवायला कोणी नव्हतं. त्यात ‘आर्ट ऑफ वॉर’ नावाचे सरावाचे धडे आहेत. सुरुवातीची अर्थव्यवस्था कशी उभी करायची, रश कसा परतवायचा, असं एकेक प्रकरण, आणि जमेल तसं कांस्य, रौप्य, सुवर्णपदक. आधी कांस्यही मिळेना. पण मेंढी संपायच्या आत डुक्कर आणायचं, टाऊन सेंटर रिकामं ठेवायचं नाही, हे सगळं त्यातून अंगवळणी पडलं. मग रँक्ड. तिथे माझ्याइतकाच कच्चा माणूस दोन मिनिटांत शोधून समोर बसवतात, मग तो पेरूचा असो नाहीतर पोलंडचा. तो कोण, मी कोण, मुलगी की मुलगा, कोणी विचारत नाही.

१९९९ चा चांगला की २०१९ चा हे ठरवताना १९९९ चा कोणाकोणाला मिळाला होता तेही धरा. तुमच्या खोलीत आठच जण मावत होते.

हॉस्टेलवीर :

ताई, बिनतोड. आमच्या केबलवाल्यालाही ही लिंक पाठवतो.

पाताळयंत्री :

धागा वाचतोय. जरा व्यापक बघू या का? कारण ‘रीमेकला सर आहे का’ याचं उत्तर शेजारच्या गेमांकडे पाहिल्याशिवाय मिळत नाही.

स्टारक्राफ्ट घ्या. २०१७ च्या रीमास्टरमध्ये चित्रं बदलली, आवाज बदलले, पण एका वेळी फक्त १२ युनिट निवडता येतात हे १९९८ चं बंधन जसंच्या तसं ठेवलं. तिथे भिक्षूबुवांचा पक्ष जिंकला. दक्षिण कोरियात ज्यांनी यावर व्यावसायिक कारकिर्दी उभ्या केल्या त्यांच्यासाठी तो अडथळा हेच कसब. एफ५ दाबा, जुनी चित्रं परत.

कमांड अँड कॉंकर, २०२०. पेट्रोग्लिफ कंपनी, तिथे मूळ गेम बनवणाऱ्या वेस्टवुडमधली माणसं, संगीत पुन्हा फ्रँक क्लेपाकीचंच. कॅम्पेन खेळताना स्पेसबार दाबला की क्षणात १९९५ चा पडदा. वर मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल) करणाऱ्यांसाठी गेमचा सोर्स कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला केला. मी यापेक्षा प्रामाणिक रीमास्टर पाहिलेला नाही.

हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३ ची एचडी आवृत्ती, २०१५. दोन्ही एक्सपान्शन गायब, कारण त्यांचा सोर्स कोड हरवला होता. चाहते आजही जुन्या गेमवर स्वतः बनवलेले मॉड लावून खेळतात, विकतच्या एचडीकडे ढुंकून बघत नाहीत.

आणि वॉरक्राफ्ट ३ रीफोर्ज्ड, जानेवारी २०२०. आधी दाखवलेली नव्या धाटणीची कटसीन (गोष्ट सांगणारी दृश्यं) आलीच नाहीत. आला तेव्हा रँक्ड लॅडर नव्हती, क्लॅन नव्हते, कस्टम कॅम्पेन नव्हती. शेवटी मागेल त्याला पैसे परत द्यायची वेळ आली. सगळ्यांत वाईट म्हणजे ज्यांनी रीफोर्ज्ड घेतलाच नव्हता, त्यांचाही जुना गेम नव्या क्लायंटमध्ये ओढला गेला. बिल्डरने वाडा पाडायचा आणि नको म्हणणाऱ्या भाडेकरूलाही नव्या इमारतीत राहायची सक्ती करायची, तसला प्रकार. जोडीला अट अशी की तुम्ही बनवलेल्या नकाशावर मालकी कंपनीची. कारण उघड आहे. डोटा वॉरक्राफ्टच्याच एका नकाशातून जन्मला आणि हातचा गेला.

आता एज २ यात कुठे बसतो? एन्सेम्बल २००९ मध्ये बंद झाली. पुढे २०१२ च्या सुमारास काही चाहत्यांनी ‘फरगॉटन एम्पायर्स’ नावाचा मॉड काढला. मायक्रोसॉफ्टने तोच त्यांच्याकडून अधिकृत करून घेतला आणि २०१३ मध्ये ‘द फरगॉटन’ म्हणून विकला. डीईच्या निर्मात्यांत तीच मंडळी आहेत. ज्यांनी मधली सगळी वर्षं हा गेम खेळणं सोडलंच नाही त्यांच्या हातात तो गेला. रानडुक्कर आपोआप टाऊन सेंटरपाशी येत नाही याचं कारण तिथे सापडेल. बाहेरच्या माणसाने ते पहिल्या आठवड्यात ‘सोपं’ करून टाकलं असतं.

चहाबाज :

वाखूसा (वाचनखूण साठवली).

खंदक :

@चहाबाज, रात्र झाली का हो तुमच्याकडे?

निवांत_ओनेजर :

पाताळयंत्रींचा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी. पण डीईची आरती फार झाली, आता थोडी मिरची.

पाथफाइंडिंग, म्हणजे युनिटनी आपली वाट शोधणं. पन्नास नाइट (चिलखती घोडेस्वार) एका अरुंद फटीतून नेऊन दाखवा. निम्मे जातील, चार जण भिंतीला नाक लावून उभे राहतील, एखादा नकाशाला प्रदक्षिणा घालून येईल. यावर वर्षानुवर्षं तक्रारी आहेत. एका पॅचमध्ये सुधारतं, दुसऱ्यात बिघडतं.

देखणेपणाचंही तसंच. झाडं इतकी घनदाट आणि उंच की मागे लपलेला व्हिलेजर दिसत नाही. म्हणून लोक काय करतात? लहान झाडांचा मॉड टाकतात. जमिनीवर चौकटी दाखवणारा मॉड टाकतात. एवढं नटवलेलं जंगल, आणि खेळणारा त्याच्या जागी बोटभर झुडपं लावून खेळतोय!

कॅसल पाडला की ढासळताना मात्र काय दिसतो राव. बुरूज एकेक करून कोसळतात, धूळ उडते. जुन्यात नुसता धप्प आवाज आणि खाली ढिगारा. नुसतं ते बघायला मी जिंकलेली लढाई लांबवतो. संगीत नव्याने वाजवलंय, काहींना फार आवडतं, मला ते जरा जास्तच फुगलेलं वाटतं.

कंजूस_व्यापारी :

भिक्षूदादा, तुमच्या कामाचं सांगतो. पूर्ण किंमत देऊ नका, सेल बऱ्याचदा लागतो. पीसी गेम पास (मायक्रोसॉफ्टची गेमची वर्गणी) असेल तर त्यातही आहे. लेकीच्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम असू द्या. अल्ट्रा एचडी चित्रांचं पॅक वेगळं आणि फुकट आहे, ते साध्या लॅपटॉपवर अजिबात उतरवू नका, जागाही जाते आणि मशिनही रडतं. रँक्ड खेळायच्या आधी एक बेंचमार्क चाचणी होते. मशिन फार हळू असेल तर तिथेच अडवतात, कारण या गेममध्ये एकाचं मशिन रखडलं की बाकी सगळ्यांचाही खेळ रखडतो. घरच्या घरी कॉम्प्युटरशी खेळायला काही अडचण नाही.

डीएलसी आत्ता एकही घेऊ नका. मूळ खोक्यात ३५ संस्कृती आहेत, त्या संपेपर्यंत पोरगी कॉलेजात जाईल.

ढाल_तलवार :

डीएलसीचा विषय निघालाच आहे तर विचारतो. भारतावर एवढी ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ काढली, त्यात मराठे कुठे आहेत? हा अन्याय नाही का?

उंटावरची_शहाणी :

अन्याय नाही हो, कालखंड. एज २ ढोबळमानाने सोळाव्या शतकापाशी थांबतो. महाराजांचा जन्म १६३० चा. ते एज ३ च्या काळात येतात, आणि तिथे २००७ च्या ‘एशियन डायनॅस्टीज’मध्ये भारताची राजधानी दिल्ली दाखवून कॅम्पेन थेट १८५७ वर नेलंय. मधल्या मराठ्यांच्या शंभर वर्षांवरून गाडी न थांबता गेली. तक्रार करायचीच असेल तर तिथे करा.

२०२२ च्या डीएलसीमध्ये आधीची एकच ‘इंडियन्स’ संस्कृती मोडून चार केल्या: हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली, द्रविड. कॅम्पेन बाबर, देवपाल आणि राजेंद्र चोळाची. मला ही डीएलसी फार आवडते, कारण नुसते कपडे बदललेले नाहीत. चारींपैकी कोणालाच नाइट नाही! सवयीने स्टेबलवर गेलात की हात हवेत. भिंती फोडायला रॅमच्या जागी चिलखती हत्ती. गुर्जरांकडे तर मेंढ्या कापायच्याऐवजी मिलमध्ये कोंडून ठेवल्या की सावकाश अन्न येत राहतं. म्हणजे पहिल्या मिनिटापासून प्रश्न असा की आत्ता खायचं की पुढची सोय करायची. भिक्षूबुवा, तुम्हाला हवा होता तो निर्णय घ्या.

ढाल_तलवार :

बरं, मराठे नाहीत तर नाहीत. देवगिरीचे यादव तरी?

आडवाटेचा_गडकरी :

यादव मी आणलेत. :)

सिनॅरिओ एडिटरमध्ये (गेममधलंच स्वतःचे नकाशे आणि प्रसंग रचायचं साधन) ‘देवगिरी १२९६’ बनवतोय, बरेच महिने रखडलाय. खिलजीला हिंदुस्तानी दिलेत. यादवांना नाइलाजाने द्रविड, त्यामुळे देवगिरीचा व्हिलेजर हाक मारली की तमिळमध्ये ओ देतो. इलाज नाही.

गाभा असा. अल्लाउद्दीन एलिचपूरमार्गे येतो, रामदेवरायाचा मुलगा फौज घेऊन बाहेर गेलेला, किल्ल्यात माणूसबळ अपुरं. खेळणारा रामदेवराय. किल्ला भक्कम, खंदक आहे, वर पडद्यावर अन्न ५००० दिसतंय, म्हणजे चैन आहे. मग ठरावीक वेळी कोठाराचं दार उघडायचा आदेश येतो. आपल्याकडे गोष्ट सांगतात ना, घाईत वर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं? त्या क्षणी ट्रिगर (आधी रचून ठेवलेली आज्ञा) उडतो आणि अन्न थेट शून्य. टेस्टिंगला दिलेल्या मित्राने फोन करून आईमाईवरून उद्धार केला. त्याला वाटलं गेममध्ये बग आहे.

मूळ प्रश्नाशी संबंध असा की जुन्या एडिटरमध्ये हे करायला आडवळणाची युक्ती लागायची, उणे आकड्याची खंडणी द्यायची वगैरे. डीईमध्ये साधन कमी-जास्त करायचा सरळ इफेक्ट आहे, एखाद्या युनिटची ताकद मध्येच बदलता येते, हौस असेल तर स्क्रिप्टही लिहिता येते. सिनॅरिओ बनवणाऱ्याला विचाराल तर जुन्याकडे परत जायचं कारणच नाही.

ढाल_तलवार :

गडकरीसाहेब, मीठ! दंडवत घ्या. झाला की इथेच टाका.

हॉस्टेलवीर :

मुलगा फौज घेऊन परत येतो का त्यात?

आडवाटेचा_गडकरी :

येतो. तोपर्यंत तुम्ही तह केला असेल तर त्याच्या लढाईमुळे तह मोडतो आणि अटी आणखी कडक होतात. म्हणूनच रखडलाय, हे ट्रिगरमध्ये बसवताना डोकं फिरलंय.

निवांत_ओनेजर :

सगळं छान, पण माझी मोठी तक्रार अजून कोणी बोललंच नाही. जुन्या गेमचा शेवटचा पॅच आला आणि आकडे गोठले. पुढची कैक वर्षं ब्रिटनचा तिरंदाज तो ब्रिटनचाच तिरंदाज. दहा वर्षांनी परत आलात तरी शिकलेलं तसंच्या तसं उपयोगी. डीईमध्ये दर थोड्या दिवसांनी काहीतरी हलतं. गुर्जर आले तेव्हा सगळ्यांना झोडपत होते, मग त्यांना खाली ओढलं. संस्कृती आता ५० च्या घरात. २०२५ च्या ‘थ्री किंगडम्स’मध्ये तर तिसऱ्या शतकातली चिनी राज्यं मध्ययुगीन गेममध्ये आणून बसवली आणि रँक्डमध्ये हीरो उतरवले, त्यावरून जुन्या खेळाडूंनी रान उठवलं ते योग्यच होतं.

तेव्हा सर आहे का, तर कुठल्या महिन्यातल्या डीईला? जुना गेम पूर्ण झालेला होता. हा कधीच पूर्ण होत नाही.

लाल_टाऊनसेंटर :

@ओनेजर, ‘पूर्ण’ होता कारण बनवणाऱ्यांनी हात काढून घेतला होता. आकडे गोठलेले असताना अरेबिया नकाशावर त्याच त्या दोन-तीन संस्कृती दिसायच्या, हेही सांगा की. हूण, हूण आणि हूण.

निवांत_ओनेजर :

हूण चांगले होते. घरं बांधावी लागत नाहीत. पुण्यामुंबईच्या माणसाला याहून मोठं सुख काय?

खंदक :

=)) =))

मठातला_भिक्षू :

सगळ्यांचे आभार. कंजूसशेठचं ऐकून थांबलो आणि सेलमध्ये घेतला. आता अहवाल.

आधी एक शोध लागला तो सांगतो. कॉम्प्युटरविरुद्ध खेळताना एआय निवडता येतो, आणि त्यात १९९९ च्या सीडीवालाही आहे! मी अर्थात तोच घेतला. धुळीला मिळवला. छाती फुगली. मग नव्या एआयला ‘मॉडरेट’वर लावला. त्याने फ्यूडलमध्येच लाकडावर तिरंदाज आणून बसवले आणि माझी एकेक माणसं टिपली. जुना एआय सर्वांत अवघड पातळीवर चोरून जास्तीचं साहित्य घ्यायचा. नवा न चोरता मारतो, हे जास्त झोंबतं.

लेकीला लढाईत काडीचा रस नाही. ती एडिटरमध्ये नदीकाठी गाव वसवतेय, गडकरी. तुमचा मिठाचा ट्रिगर तिला सांगितला, तिने लगेच गावाच्या विहिरीत काहीतरी कारस्थान घातलंय. मला दाखवत नाही.

आता मुद्दा. लाल_टाऊनसेंटर म्हणतात तसा पत्ता बदललाय, हे खेळल्यावर पटतं. पण तो बदललेला पत्ता मला हवाच होता असं नाही. एका वेळी तीन ठिकाणी भांडायची माझी हौस नाही. मला गाव चालवायचं होतं, एक शेत संपतंय, दुसरीकडे लाकूड कमी पडतंय, त्यातून वाट काढायची. डीईने माझ्यासारख्याचा खेळ थोडा लढवय्यांकडे झुकवलाय, आणि हे ‘सोय’ म्हणून विकलंय. एवढी तक्रार राहणार. बाकी काही हरवलेलं नाही. ऑटो शेती बंद करता येते, मी बंद करून खेळतो.

खंदक :

म्हणजे १६ जीबी रॅमवर हात बांधून उभा राहणारा व्हिलेजर.

मठातला_भिक्षू :

फोर-केमध्ये उभा असतो, स्पष्ट दिसतो.

पाताळयंत्री :

बंद करता येते हेच महत्त्वाचं. रीफोर्ज्डवाल्यांना ते बटण मिळालं नव्हतं.

हॉस्टेलवीर :

बोलणं पुरे. शनिवारी रात्री दहा वाजता चार विरुद्ध चार. ब्लॅक फॉरेस्ट. वीस मिनिटं नो रश. केबलवाला येतोय, वाय-फायवर आहे, तेव्हा केबल काढता येणार नाही.

उंटावरची_शहाणी :

मी येते. पण नो रश मी मानत नाही, आत्ताच सांगून ठेवते.

कंजूस_व्यापारी :

मी येतो, बाजारातून खंडणी पाठवत बसेन. कोणी लढायला सांगू नये.

आडवाटेचा_गडकरी :

हजर. भिंतीचं काम माझ्याकडे.

निवांत_ओनेजर :

मी हूण.

चहाबाज :

सविस्तर लिहायचं राहूनच गेलं. मला धरा. निळा रंग माझा.

हॉस्टेलवीर :

निळा मी.

मठातला_भिक्षू :

धागा कोणी काढलाय? निळा माझा.